शेरा : युद्धसज्ज

१

चौथा कागद उलटताना महानंदाबाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला आणि पुन्हा लावला. आठव्या कागदाला पेन खाली ठेवलं. बाराव्या कागदाला मात्र त्यांना राहवलं नाही.

"मूर्ख समजलेत काय हे मला?"

खोलीत हे ऐकायला कारकून नीलम्माशिवाय कुणी नव्हतं. तिला वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं. ती लगबगीने उठून उभी राहिली.

प्रा. महानंदा बोळेगावे मूळच्या उदगीरच्या. नांदेडच्या कॉलेजात त्यांनी बत्तीस वर्षं संख्याशास्त्र शिकवलं होतं. निवृत्त झाल्यावर गोदावरीकाठी सकाळी फिरायचं आणि नातवंडांना पाढे शिकवायचे, असा बेत होता. पण हवाई दलाने एक प्रश्न पाठवला आणि बाई गेले तीन महिने रोज एसटीने अहमदपूरच्या पुढे, लातूर रस्त्यावरच्या 'वायुसिद्धी प्रशिक्षण केंद्रा'त येऊ लागल्या.

प्रश्न सोपा होता. वायुसिद्धी ही खाजगी कंपनी. तिच्या घुमटात लढाऊ विमानाचं कॉकपिट होतं, हुबेहूब, फक्त ते उडत नसे. तरुण वैमानिक त्यात बसत, पडद्यावरच्या शत्रूशी लढत आणि बैठक संपली की मशीन गुणपत्रक छापून देई. पंच्याऐंशीच्या वर गुण पडले की खाली ठळक अक्षरांत शेरा यायचा : युद्धसज्ज. ज्याला इथे गुण पडतात त्याला खऱ्या आभाळात लढता येतं का, एवढं बाईंनी तपासून सांगायचं होतं.

त्यासाठी 'युद्धसज्ज' ठरलेले चाळीस वैमानिक वाळवंटातल्या एका तळावर लुटुपुटीच्या लढाईला गेले होते. चौदा ते चोवीस डिसेंबर. प्रत्येकाची आभाळात एकेक परीक्षा झाली. परीक्षकाने हाताने भरलेले ते चाळीस कागद सोमवारी सीलबंद पाकिटातून आले. मामला गोपनीय, म्हणून त्यांची प्रत कुठेही नव्हती.

शेवटच्या दिवशी फ्लाइट लेफ्टनंट रेणुका घोडजकर हिच्या विमानाला समोरच्याचा पंख घासला. समोरचा कसाबसा उतरला. रेणुकाचं विमान गेलं, ती हवाई छत्रीने खाली आली, मानेला दुखापत झाली. पोरगी कंधारची, एसटी मेकॅनिकची. कंपनीने लगेच हात झटकले : मशीनवर तिला चौऱ्याण्णव गुण होते, म्हणजे शिकवण चोख होती, तीच ऐनवेळी शिकवलेलं विसरली. उद्या अकरा वाजता चौकशी समिती इथेच येणार होती. दोष रेणुकाच्या माथी बसला की तिचं उडणं कायमचं संपलं. तिच्या बाजूने बोलू शकतील असे हे चाळीस कागदच होते.

आणि कागद काय बोलत होते? मशीनवर ब्याण्णव, आभाळात नव्वद. मशीनवर अठ्ठ्याऐंशी, आभाळात सत्त्याऐंशी. एकोणचाळीस जणांचं असं गोडीगुलाबीत जुळत गेलेलं. फक्त एक कागद वेगळा. रेणुका घोडजकर : मशीनवर चौऱ्याण्णव, आभाळात एकतीस.

"नीलम्मा, खऱ्या माणसांचे आकडे असे असतात का गं? एखाद्याला ताप असतो, एखाद्याला वारा नडतो. हे तर प्रार्थनेला उभ्या केलेल्या पोरांसारखे रांगेत उभे आहेत."

नीलम्माने एक कागद उचलला. उलटा केला. दुसरा उलटा केला. मग एकदम दहा-बारा कागद पालथे घातले.

"मॅडम, सोमवारी पाकीट मीच फोडलं. तारखेवार लावले आन हरेक कागदाच्या पाठीमागं पेन्सिलनं आकडा टाकला. एक ते चाळीस. माझी सवयच हाय तशी." तिने हातातले कागद बाईंपुढे धरले. "ह्यांच्या पाठी कोऱ्या हायत. हे ते कागद न्हाईत."

२

कागदांच्या कपाटाची किल्ली कुठे असते, हा पहिला प्रश्न. उत्तर ऐकून बाईंनी कपाळावर हात मारला. किल्ली भिंतीवरच्या कॅलेंडरमागच्या खिळ्याला असायची.

"गोपनीय कागदांची किल्ली? आणि कुणाकुणाला माहीत आहे?"

"सगळ्यांलाच," नीलम्मा म्हणाली. "पण तुमी दोन दिस आला न्हाईत, मॅडम, आन काल मंगळवारी इथं आमी चौघंच होतो. मी, अप्पा, शिवमूर्ती सर आन मशीनवाला मल्लेश. मी जेवायला डबा घिऊन बाहेर लिंबाखाली बसते, तवा खोली उघडीच असती."

"कागद वाचलेस तू?"

"मला इंग्रजी कुठलं वाचायला येतंय, मॅडम? तारखा तेवढ्या बघितल्या. लावायच्या होत्या म्हणून. म्हणलं, कसली माणसं ही, येळवशीला, अमावस्येच्या सणाला बी इमानं उडवून राहिली, घरी आंबील पियाला सुदिक न्हाई गेली. बाकी मला काय म्हाईत? मॅडम, माझ्यावर तर न्हाई ना येणार हे?"

ते येणारच होतं. दार ढकलून केंद्राचे मालक गुरुपादप्पा आत आले. लातुरातलं जुनं व्यापारी घराणं, कपाळावर भस्माचे ठसठशीत पट्टे, अंगात पांढरा सफारी. सगळे त्यांना अप्पा म्हणत. हकिगत ऐकून त्यांनी बाईंकडे नव्हे, नीलम्माकडे पाहिलं.

"किल्ली हिच्याकडं. कागद हिच्याकडं. मग अजून काय शोधायचं? पोलिसाला फोन लावतो."

"कशासाठी बदलेल ती, अप्पा? तिला काय मिळणार?"

"कुणी दिलं असंल काहीतरी."

"कुणी म्हणजे? नव्या कागदांत तुमचं मशीन सोन्याचं ठरतंय. ज्याचा फायदा, त्याचं नाव आधी घ्यावं लागेल."

अप्पांचा चेहरा लाल झाला. "बोळेगावेबाई, तुम्ही आमच्यातल्या म्हणून ऐकून घेतोय. माझ्या मशीनला खोट्या कागदाची गरज न्हाई. पोरं कशी उडून राहिलीत, तळावरचे साहेब मला स्वतः फोन करून सांगत होते. येळवशीला शेतात दीडशे माणसाची पंगत बसलेली, भज्जी वाढून राहिलो होतो, तर फोन : आज तुमच्या सहा जणांची परीक्षा झाली. पंगतीत उभं राहून सांगितलं मी सगळ्यांला. छाती फुगली माझी."

"परीक्षा झाली एवढंच सांगितलं ना? पास किती, ते?"

ते विचारायचं अप्पांना सुचलंच नव्हतं, हे चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. माणूस रागीट होता, पण त्याच्या रागात बाईंना लपवाछपवी दिसली नाही. त्यांना त्याचाच जास्त संताप आला. दीडशे माणसांसमोर छाती फुगवणाऱ्याला मशीन खरं शिकवतं की नाही, हे एकदाही विचारावंसं वाटू नये?

"फोन लावायचा तर लावा," त्या म्हणाल्या. "पण संध्याकाळी पाचनंतर. तोवर ही माझ्यासोबत काम करेल."

३

शिवमूर्ती सरांची केबिन म्हणजे कागदांचं कोठार. जमिनीपासून छतापर्यंत सुतळीने बांधलेले उत्तरपत्रिकांचे गठ्ठे.

सर पूर्वी लातुरात भौतिकशास्त्राचा क्लास चालवत. आता मशीनवरच्या लढाया तेच रचत : शत्रू कधी येईल, कुठून येईल, किती गुण द्यायचे. बोलायला गोड, वागायला अदबशीर.

"बसा मॅडम. ऐकलं मी. वाईट झालं. नीलम्मा गरीब बाई आहे, घाबरून काहीतरी केलं असेल. मूळ कागद हरवले असतील, मग कुणाकडून तरी दुसरे भरून घेतले असतील. सांभाळून घ्या तिला."

किती मायेने ढकलत होता तो तिला खड्ड्यात! बाईंनी विषय बदलला.

"हे गठ्ठे अजून ठेवलेत तुम्ही?"

"तपासलेला पेपर मी आजवर फेकलेला नाही. पोराची चूक कुठं आहे ते त्यातच सापडतं. वीस वर्षांचे आहेत." सर खुलले. "लातूर पॅटर्न म्हणून लोक नावाजतात ना, तो असा उभा राहिलाय. सराव, सराव आणि सराव. माझ्या क्लासला रविवार नव्हता, दिवाळी नव्हती. वर्षातून एक येळवशीची सुट्टी, बस. त्या दिवशी मी शेतात, फोन बंद. आजही. बाकी तीनशे चौसष्ट दिवस पेपर."

"आणि इथेही तेच केलंत?"

"का नको? मी आलो तेव्हा इथल्या पोरांना सरासरी एकसष्ट गुण पडत. आता एक्क्याण्णव. आकड्यांतल्या बाईंना मी काय सांगावं?"

"रेणुका घोडजकरला चौऱ्याण्णव होते."

सरांनी समोरच्या पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं. "हुशार मुलगी. पण परीक्षेच्या हॉलमध्ये काहींचा हात थरथरतो. त्याला शिकवणारा काय करणार?"

बाई उठल्या. मुलगी गळ्यात पट्टा घालून घरी पडली होती आणि हा माणूस तिचा हात थरथरला म्हणत होता. दारापाशी त्या थबकल्या. रिकामा नमुना फॉर्म सरांच्या टेबलावर काचेखाली होता. पण तो तर दोन महिन्यांपूर्वी चौघांनाही वाटला होता. मंजुरीसाठी.

४

मशीन चालवणारा मल्लेश देगलूरच्या पलीकडचा, पार सीमेवरचा. वय तीस-बत्तीस, घरी तेलुगू, कामावर मराठी. बाईंना पाहून तो स्टुलावरून उठला.

"मॅडम, मी कागदाला हात न्हाई लावला. आई शप्पथ."

"मग घाम कशाचा आला?"

तो घुमटाकडे बघत राहिला. मग खिशातून एक मळकी चतकोर वही काढली. "हिचा."

वहीत मांडणी होती. बैठक एक : पहिला डावीकडून वरून, दुसरा मागून, तिसरा परत डावीकडून. बैठक दोन. बैठक तीन. अशा वीस.

"शत्रू रोज ह्याच क्रमानं येतो?" बाईंचा विश्वास बसेना.

"हाव. सरांनी वीसच लढाया बनवल्यात. तेच्यात बी पहिला हल्ला कायम डावीकडून. मी एकदा म्हणलो, सर, क्रम फिरवू का? तर म्हणले, न्हाई, सराव पक्का होऊ दे. मग पोरांनीच ही वही केली. आधीच्या तुकडीची पुढच्या तुकडीला. घोकायची आन बसायचं. जाताना माझ्याकडं ठिवून जातात."

"तू कुणाला सांगितलं नाहीस?"

"कुणाला सांगू? ह्या तुकडीनं लई घोकलं. मी तर सुट्टी बी न्हाई घेतली. त्या डिसेंबरच्या अमावस्येला बगा, सगळं लातूर शेतात, रस्त्यावर कुत्रं न्हाई, चहा न्हाई मिळाला मला. आमच्याकडं न्हाई करत ते सण. एकटाच बसलो मशीन पुसत."

बाईंनी वही बंद केली. चाळीस जणांना आभाळात पाठवलं आणि सोबत काय दिलं? गाइड! इथे शत्रू पाठ करून येत होता आणि तिथे त्याला हे कुणी कळवलंच नव्हतं.

पण हे सगळं उद्या समितीसमोर सांगून काय उपयोग? चाळीस कागद म्हणत होते की एकोणचाळीस जणांना आभाळातही छान जमलं. वही असो नसो, नापास एकटी रेणुका. मूळ कागद हवेत. आणि ते कुणी नेले ते कळल्याशिवाय ते मिळणार नव्हते.

दुपारी दीडच्या सुमाराला फाटकात एक रिक्षा थांबली. गळ्याला पट्टा घातलेली एक मुलगी तिच्यातून सावकाश उतरली.

५

रेणुकाला मान वळवता येत नव्हती. बोलताना ती सगळी वळायची.

"मॅडम, उद्या यायचंच होतं. घरी बसवेना. आई सारखी रडून राहिली." तिने इकडेतिकडे पाहिलं. "मी काय विसरले, तेच मला कळंना. दिवसरात्र तेच डोक्यात हाय. मी काहीच विसरले न्हाई हो. शत्रू दिसायच्या आत मी डावीकडं वळले. इथं कायम तसंच करायची. तो उजवीकडून आला."

"बाकीच्यांचं काय झालं, पाहिलंस का?"

"सगळ्यांचं न्हाई. एकदाच. माझी परीक्षा शेवटच्या दिवशी होती, त्याच्या आधी एका दिवशी मला शत्रू केलं होतं. एकोणीस तारखेला. सकाळी सहा जणांवर मी उजवीकडून गेले. सहाच्या सहा डावीकडं वळले! मला हसू आलं, मॅडम. म्हणलं, काय येडी हायत ही. पाच दिवसांनी मी बी तेच केलं."

तिचे डोळे भरले. मान खाली घालता येत नसल्यामुळे ते तिला लपवताही आले नाहीत.

"एकोणीस तारीख पक्की आठवते?"

"हाव, येळवस होती ना. उतरल्या उतरल्या आईला फोन केला. ती शेतात, हातात बाजरीचे उंडे. म्हणाली, तू तेवढी न्हाईस गं."

बाई तडक खोलीत गेल्या, रेणुका मागोमाग. टेबलावर सकाळी त्यांनीच लावलेले कागद होते. दर दिवसाचा एक गठ्ठा, प्रत्येकात चार कागद. त्यांनी बोटाने मोजले. दहा.

चौदा ते चोवीस. दहा कसे?

चौदा, पंधरा, सोळा, सतरा, अठरा. वीस.

"अगं बाई!" त्या खुर्चीत बसल्या. सकाळपासून चार तास हे गठ्ठे डोळ्यांसमोर होते. दुसऱ्या कुठल्याही दिवसाची फट त्यांना लगेच खटकली असती. पण येळवशीचा दिवस रिकामा दिसला आणि त्यांच्या नजरेला ते रास्तच वाटलं. त्या दिवशी कोण काम करतं? त्या स्वतःसुद्धा तर उदगीरच्या शेतात होत्या, कडब्याच्या कोपीपुढे, पानावर भज्जी घेऊन.

ज्याने हे कागद भरले, त्यालाही तसंच वाटलं होतं.

"मॅडम, काय झालं?" रेणुकाने विचारलं.

"थांब. अजून एक काम राहिलं. मल्लेश! मशीन चालू कर."

"कुणासाठी?"

"माझ्यासाठी."

६

पाच वाजता बाईंनी चौघांना एका टेबलाशी बसवलं. रेणुका भिंतीशी उभी राहिली. अप्पांच्या हातात फोन तयार होता.

"फोन ठेवा, अप्पा," बाई म्हणाल्या. "पोलिसांना काय सांगायचं ते आधी ठरू दे. हे खोटे कागद ज्याने भरले, त्याला खरे कागद बघायला वेळ मिळाला नव्हता. पाकीट यायच्या आधीच त्याने हे तयार ठेवले. त्याला माहीत होतं काय? चाळीस नावं, मशीनचे गुण, अपघाताचा दिवस, आणि लढाई चौदा ते चोवीस. मग त्याने हिशेबशीर वाटणी केली, रोज चार. चौदा आणि एकवीस तारखेला रविवार होता, तरी त्याने कागद भरले. पण एकोणीस तारीख सोडली. ती येळवस."

बाईंनी अठरा आणि वीसच्या गठ्ठ्यांमध्ये बोट ठेवलं.

"वाळवंटातल्या त्या तळावर येळवस कुणाला ठाऊक? तिथे त्या दिवशी सहा परीक्षा झाल्या. रेणुकाने स्वतः शत्रू होऊन घेतल्या. म्हणजे कागद भरणारा आपल्याकडचा, आणि त्या दिवशी तिकडे उड्डाणं झाली हे त्याला माहीत नव्हतं. आता मोजा. मल्लेशकडे हा सण नाही, तो त्या दिवशी इथे मशीन पुसत होता. त्याने एकोणीसला बिनघोर चार कागद भरले असते. अप्पांना पंगतीत फोन आला होता, सहा परीक्षांचा. दीडशे माणसं साक्षीला आहेत. त्यांनी तो दिवस सोडला नसता. नीलम्माने सोमवारी खऱ्या कागदांवर ती तारीख पाहिली होती आणि विमानवाल्यांना नावंही ठेवली होती. तिने तर मुळीच सोडला नसता."

त्या शिवमूर्ती सरांकडे वळल्या.

"राहिला तो, ज्याला रविवार नाही, दिवाळी नाही. वर्षाची एकच सुट्टी. आणि त्या दिवशी फोन बंद."

सर हसले. "मॅडम, एका सुट्टीवरून? उद्या समितीपुढे हे सांगणार?"

"नाही, उद्या मी मूळ कागद दाखवणार. दुसऱ्या कुणी ते जाळले असते. पण तपासलेला पेपर फेकणं तुमच्या हातून होत नाही. अप्पा, किल्ल्या तुमच्याकडे आहेत. सरांची केबिन."

अप्पा उठले. सर म्हणाले, "अप्पा, माझं ऐका," पण अप्पा थांबले नाहीत. पाच मिनिटं गेली. परत आले तेव्हा त्यांच्या हातात सुतळीने बांधलेला गठ्ठा होता. वरचा कागद उलटा केला. पाठीमागे पेन्सिलने १.

नीलम्माने तोंडावर पदर घेतला आणि ती रडायला लागली.

बाईंनी गठ्ठा सोडला. प्रत्येक कागदावर लाल पेनाच्या खुणा होत्या. सरांनी रात्रीतून सगळे पेपर तपासले होते. एकोणतीस कागदांवर त्याच जागी लाल गोल होता आणि बाजूला त्याच दोन शब्दांची टीप : डावीकडे वळला. डावीकडे वळला. डावीकडे वळला. आभाळातली सरासरी, त्रेचाळीस. अडतिसाव्या कागदावर रेणुकाचं नाव होतं, आणि तिथेही तोच लाल गोल.

"तुम्हाला कळलं होतं," बाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, आणि म्हणूनच अप्पासुद्धा खाली बघायला लागले. "खोटे कागद ठेवले तेव्हा फक्त भीती होती, म्हणू. पण हे तपासल्यावर तुम्हाला कळलं की हिची चूक नाही. तुमचीच चूक एकोणतीस जणांनी केली. आणि तरी आज सकाळी तोंड वर करून म्हणालात, हिचा हात थरथरला!"

"मला दोन महिने हवे होते," सर पुटपुटले. "मी क्रम बदलणारच होतो. नव्या लढाया लिहायला घेतल्या होत्या. वीस वर्षांचं नाव आहे माझं, मॅडम. एका मुलीसाठी..."

"सर," भिंतीपासून रेणुका म्हणाली. सगळी वळून ती त्यांच्यासमोर उभी राहिली. "तुमचं सगळं पाठ होतं मला. एक अक्षर विसरले न्हाई मी."

अप्पांनी फोन उचलला, आणि या वेळी नीलम्माकडे न बघता नंबर लावला.

७

दुसऱ्या दिवशी अकराला समितीचे तीन अधिकारी आले. अध्यक्ष म्हणजे पिकल्या मिशांचे, कमी बोलणारे गृहस्थ. मराठी त्यांना चांगली येत होती. त्यांनी चाळीस कागद वाचले. मल्लेशची वही वाचली. शिवमूर्ती सरांचा लेखी जबाब वाचला.

मग त्यांनी रेणुकाची फाइल ओढली. 'शिकवलेलं विसरून चूक केली' या आरोपाच्या ओळीवर आडवी रेघ मारली आणि खाली सही केली. मान बरी झाली की पुन्हा विमानावर रुजू, असं त्यांनी तोंडानेही सांगितलं. रेणुकाने सलाम केला. तिचा हात मुळीच थरथरला नाही.

"एक कागद समजला नाही," अध्यक्ष म्हणाले. बाईंच्या अहवालाला पहिल्याच पानावर लावलेलं एक गुणपत्रक त्यांनी वर धरलं. "हा एक्केचाळिसावा वैमानिक कोण? तारीख कालची, वेळ दुपारी साडेतीन. गुण अठ्ठ्याऐंशी. पुढे आडनावही नाही, नुसतं एम. बी. यांना आभाळात तपासलं का?"

"नाही साहेब."

"का नाही? मशीनचा शेरा तर आहे, युद्धसज्ज. बोलवा त्यांना."

महानंदाबाई खुर्चीवरून उठल्या. इरकलीचा पदर सावरला, चष्मा नीट केला.

"मीच ती. वय एकोणसाठ. काल दुपारी ही वही अर्धा तास घोकली आणि बसले. तीन विमानं पाडली, साहेब. मला सायकलसुद्धा चालवता येत नाही."